क्लस्टर केलेल्या लोहऑक्साइड नॅनोकणांचा आर-टू प्रत्येक बॅचला वेगळा येतोय?

तक्रार साधारण अशी असते. ओलेइक आम्लाचं आवरण असलेले १० नॅनोमीटरचे मॅग्नेटाइटचे कण एकाच साठ्यातले, सर्फॅक्टंट (साबणासारखा रेणू) तोच, इमल्शन (पाण्यात तेलाचे थेंब) करून क्लस्टर, म्हणजे कणांचे गुच्छ, बांधायची रीतही तीच. तरी पहिल्या बॅचचा आर-टू, म्हणजे एमआरआयमधला पाण्याचा सिग्नल हे कण किती जोरात विझवतात तो आकडा, १५० येतो, दुसरीचा ३१०, तिसरीचा परत १८०. त्यातलीच एखादी नळी चुंबकातून न काढता अर्ध्या तासाने पुन्हा मोजली तर चौथाच आकडा मिळतो. मग सगळा दोष सोनिकेशनच्या (ध्वनिलहरींनी थेंब फोडण्याच्या) माथी मारून पुढची बॅच लावली जाते.

ती लगेच लावू नका. हातातल्या बॅचवर एक दिवस घालवला तर चूक लोहाच्या आकड्यात आहे, टी-टूच्या मोजणीत आहे, बफरमध्ये आहे की क्लस्टरच खरोखर वेगळे झाले आहेत, हे कळतं. चारींचे उपाय वेगळे आहेत आणि नवी बॅच हा त्यातल्या फक्त शेवटच्यावरचा उपाय आहे.

खाली आर-टू आणि आर-वनचे आकडे दर मिलिमोलर लोहामागे दर सेकंदाला असे आहेत. टी-टू म्हणजे पाण्याचा सिग्नल विझायला लागणारा काळ, टी-वन म्हणजे तो पुन्हा भरून यायला लागणारा काळ. ‘टी-टू दर’ म्हणजे एक भागिले टी-टू. लोहामुळे टी-टू दरात होणारी वाढ म्हणजे आर-टू, टी-वनच्या दरातली म्हणजे आर-वन. हिशेब २५ अंश सेल्सिअसच्या पाण्यासाठी आणि चुंबकन (कण किती चुंबकीय होतात ते) ६० ईएमयू (त्याचं एकक) प्रति ग्रॅम धरून केलेत. अखंड मॅग्नेटाइटचं चुंबकन ९२ असतं, पण १० नॅनोमीटरच्या कणांसाठी ६० हा आकडा वास्तवाला धरून आहे.

आधी आर-वनकडे बघा

बहुतेक जण आर-टू मोजतात आणि आर-वन सोडून देतात. त्याच नळ्यांचा टी-वन मोजायला फार तर तासभर जातो आणि निम्मं निदान तिथेच होतं.

दोन बॅचमध्ये आर-वन आणि आर-टू दोन्ही सारख्याच पटीने बदलले असतील, समजा दोन्ही १.६ पट, तर क्लस्टरला हात लावू नका. लोहाचं प्रमाण चुकलं आहे. छेदातलं लोह चुकलं की दोन्ही भागाकार सारखेच चुकतात. आर-टू घसरून आर-वन वाढला असेल तर क्लस्टर फुटले आहेत, कारण सुटे झालेल्या कणांचा पृष्ठभाग पुन्हा पाण्याला भिडतो आणि टी-वनवरचा परिणाम तिथूनच येतो. आर-टू वाढून आर-वन उतरला असेल तर क्लस्टर मोठे किंवा घट्ट झाले आहेत. आणि आर-वन जागच्या जागी राहून एकटा आर-टू हलत असेल, तर टी-टूच्या मोजणीवर संशय घ्या.

लोहाचा आकडा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात आणि त्या सहसा एकाच दिशेने होतात. क्लस्टर आम्लात पूर्ण विरघळत नाही, लोह कमी मोजलं जातं आणि आर-टू फुगतो. म्हणूनच ज्या बॅचचा आकडा पाहून सगळे खूश होतात, तिचंच पचन (आम्लात विरघळवणं) पुन्हा तपासावं.

सुटे कण विरघळायला जेवढा वेळ लागतो तेवढा क्लस्टरला पुरत नाही. पॉलिमर आणि ओलेइक आम्लामुळे आम्ल आत शिरायला उशीर होतो. चालणारी रीत अशी: अंदाजे ५ मिलिमोलर लोह असलेलं १०० मायक्रोलिटर सँपल झाकणाच्या पॉलिप्रॉपिलीन नळीत घ्या, त्यात ४०० मायक्रोलिटर संहत हायड्रोक्लोरिक आम्ल घाला आणि फ्यूम हूडमध्ये ६० अंशांना रात्रभर ठेवा. सकाळी द्रावण स्वच्छ पिवळं दिसलं पाहिजे. पण नुसत्या रंगावर जाऊ नका. नळीच्या बाजूला निओडिमियमचं चुंबक १० मिनिटं टेकवून ठेवा. काळा ठिपका जमला तर पचन अपुरं आहे. सिलिकाचं कवच असेल तर हायड्रोक्लोरिक आम्ल सिलिकाला काहीच करत नाही. ते सँपल हायड्रोफ्लोरिक आम्लाची सोय आणि प्रशिक्षण असलेल्या जागीच पचवायला द्या.

पचन झालं की पाण्याने ५ मिलिलिटर करा. त्यातलं १ मिलिलिटर घेऊन १० टक्के हायड्रॉक्सिलअमीन हायड्रोक्लोराइड १०० मायक्रोलिटर घाला आणि १० मिनिटं थांबा. मग ०.१ टक्के फिनॅन्थ्रोलीन १ मिलिलिटर आणि १ मोलर सोडियम ॲसिटेट २ मिलिलिटर घालून एकूण ५ मिलिलिटर करा. नारिंगी रंग १५ मिनिटांत स्थिर होतो. ५१० नॅनोमीटरला मोजा. मोलर शोषणांक ११,१०० धरला तर वरच्या प्रमाणात लोह २० मायक्रोमोलर आणि शोषण ०.२२ च्या आसपास यायला हवं. ॲसिटेट कमी पडलं तर सामू खालीच राहतो, रंग अर्धवट चढतो आणि लोह पुन्हा कमी दिसतं. प्रमाणित द्रावण फेरस अमोनियम सल्फेटचं करा आणि तेही त्याच आम्लातून, त्याच पायऱ्यांनी न्या. थायोसायनेटची रीत सोपी असली तरी तिचा रंग उभ्या उभ्या उतरतो. पंधरा-वीस नळ्या रांगेने मोजायच्या असतील तर ती नकोच.

दुसरी चूक निव्वळ हिशेबाची. १ मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम मॅग्नेटाइट म्हणजे मॅग्नेटाइट ४.३ मिलिमोलर, पण लोह १३ मिलिमोलर. एका रेणुसूत्रात लोहाचे तीन अणू असतात. तीनाने गुणायचं राहिलं की १५० चा आर-टू थेट ४५० होतो. सुकवून वजन केलेल्या पावडरीत ओलेइक आम्ल आणि पॉलिमरचंही वजन असतं, त्यामुळे वजनावरून लोह काढायच्या भानगडीत पडू नये.

आकडा विश्वासार्ह आहे का हे पाहायला एक छत हाताशी ठेवा. १ मिलिमोलर लोहाच्या मॅग्नेटाइटचं आकारमान द्रावणाच्या सुमारे १ लाखात दीड भाग असतं. त्यावरून आर-टूची स्टॅटिक डिफेजिंगची (पाणी जागचं हलत नाही असं धरल्यावरची) मर्यादा ६० ईएमयूच्या कणांसाठी ६३० च्या आसपास आणि अखंड मॅग्नेटाइटचं पूर्ण चुंबकन धरलं तरी ९६० च्या आसपास येते. क्लस्टर कितीही मोठा किंवा विरळ असला तरी हे छत बदलत नाही, कारण क्लस्टर विरळ झाला की त्याचं आकारमान जेवढ्या पटीने वाढतं तेवढ्याच पटीने त्याचं क्षेत्र क्षीण होतं. वहीत १,४०० चा आर-टू दिसला तर तो शोध नाही, छेदाची चूक आहे.

टी-टूची मोजणी

पहिली गोष्ट, डायल्यूशन (पातळ केलेली द्रावणं) फार दाट असतात. आर-टू ३०० असेल तर ०.५ मिलिमोलरच्या नळीचा टी-टू ७ मिलिसेकंदांहून कमी येतो. एमआरआय स्कॅनरवर पहिला इकोच (पल्सने परत जुळवलेला सिग्नल) १० मिलिसेकंदांना असेल तर तोवर सिग्नल बराचसा गेलेला असतो. उरतो तो गोंगाट, आणि मॅग्निट्यूड प्रतिमेत गोंगाट कधी शून्याखाली जात नसल्याने टी-टू खोटाच लांब दिसतो. लोहाच्या प्रमाणासमोर टी-टू दर मांडलेल्या आलेखाची रेष दाट टोकाला खाली वाकते ती यामुळे. ०.०२, ०.०४, ०.०६, ०.०८ आणि ०.१० मिलिमोलर घ्या. मग टी-टू दीडशे ते तेहतीस मिलिसेकंदांच्या पट्ट्यात राहतो, जो स्कॅनरलाही झेपतो आणि मेजावरच्या रिलॅक्सोमीटरलाही. सहावी नळी कण नसलेल्या त्याच बफरची ठेवा.

रेष वर वाकली तर मात्र गोंगाटाचा दोष नाही. दाट नळ्यांत क्लस्टर एकमेकांना चिकटतायत किंवा पातळ नळ्यांत फुटतायत.

नळ्या चुंबकात टाकल्या टाकल्या मोजू नका. १० मिलिमीटरच्या नळीतल्या पाण्याला ठरलेल्या तापमानाला यायला १०-१५ मिनिटं लागतात, म्हणून त्या बाहेरच्या तापलेल्या ठोकळ्यात आधीच ठेवा. (बाहेरच ठेवायचं आणखी एक कारण पुढे येतं.) दोन मोजण्यांमधली विश्रांती टी-वनच्या पाचपट ठेवा. ०.१ मिलिमोलरच्या नळीला ती थोडकीच लागते, पण कोऱ्या बफरचा टी-वन ३ ते ४ सेकंदांचा असतो, तिथे १५ ते २० सेकंद लागतात. सगळ्या नळ्यांना एकच छोटी विश्रांती दिली की कोऱ्याचा आणि पातळ टोकाचा सिग्नल अपुरा भरतो आणि फिटिंग डगमगतं. नळीत द्रावण मशीनच्या खुणेपर्यंतच भरा. कॉइलच्या वर गेलेल्या पाण्याला पल्स नीट लागत नाही.

मशीन स्वतः बरोबर आहे का याची खात्री करायला कॉपर सल्फेटची एक नळी कायम जवळ ठेवा, टी-टू १०० मिलिसेकंदांच्या आसपास येईल एवढी दाट. तिचा टी-टू सीपीएमजीच्या (१८० अंशांच्या पल्सची माळ लावून टी-टू मोजायच्या रीतीच्या) इको-अंतराने, म्हणजे दोन इकोंमधल्या वेळाने, बदलायला नको. बदलला तर पल्सची लांबी किंवा क्षेत्राचा एकसारखेपणा बिघडलेला आहे, आणि तो दुरुस्त केल्याशिवाय पुढची इको-अंतराची चाचणी निरर्थक आहे. स्कॅनरवरच्या मल्टी-इको क्रमात पहिला इको सोडून फिट करा, कारण स्टिम्युलेटेड इकोंचा भाग त्यानंतरच्या इकोंत मिसळतो आणि पहिला एकटाच वेगळा पडतो. शिवाय दाट नळी आपल्या शेजारणीचं क्षेत्र वाकवते. नळ्या पाण्याच्या डब्यात अंतर ठेवून उभ्या करा आणि बुडबुडे झटकून टाका.

मशीनच्या चुंबकी क्षेत्राविषयीही एक सावधगिरी. २० मेगाहर्ट्झच्या मशीनवर (०.४७ टेस्ला) काढलेला आकडा ६० मेगाहर्ट्झच्या (१.४१ टेस्ला) आकड्याशी ताडायचा असेल तर आधी गाभ्याचा (आवरण सोडून कणाचा) व्यास पाहा. १० नॅनोमीटरचा गाभा ०.४७ टेस्लालाच ९४ टक्के भरतो (म्हणजे त्याचं चुंबकन कमालीच्या ९४ टक्क्यांवर पोचतं), म्हणून फरक थोडाच. ५ नॅनोमीटरचा गाभा तिथे ५८ टक्के आणि १.४१ टेस्लाला ८५ टक्के भरतो, आणि क्लस्टर लहान असतील तर आर-टू चुंबकनाच्या वर्गाने जातो. म्हणजे नुसतं मशीन बदलल्याने आकडा दुपटीच्या पुढे जातो. आर-वन उलट्या दिशेने, क्षेत्र वाढलं की घसरतो.

चढ, पठार, उतार

आता मूळ मुद्दा. आर-टू क्लस्टरच्या व्यासाबरोबर वाढतच जातो असं नाही. आधी चढ, मग पठार, मग उतार. तुमचा क्लस्टर यातल्या कुठल्या जागी उभा आहे, यावर बॅचमधला फरक किती मोठा दिसणार हे ठरतं.

चढावर, म्हणजे मोशनल ॲव्हरेजिंगमध्ये, क्लस्टरभोवतालचं क्षेत्र पाण्याच्या रेणूला वळवायच्या आतच रेणू तिथून निघून गेलेला असतो. त्रिज्येच्या वर्गाला पाण्याच्या विसरणांकाने (पाण्याचे रेणू किती वेगाने पसरतात त्या आकड्याने) भागलं की विसरण-काळ मिळतो, आणि त्याला क्लस्टरच्या पृष्ठभागावरच्या कोनीय वारंवारतेतल्या फरकाने गुणलं की एक निव्वळ संख्या. ती १ पेक्षा कमी असेल तर तुम्ही चढावर आहात. सुट्या १० नॅनोमीटरच्या कणासाठी ती ०.४ च्या आसपास येते आणि आर-टू सुमारे ७०. ३० टक्के मॅग्नेटाइट भरलेला ३० नॅनोमीटरचा क्लस्टर १ वर पोचतो आणि आर-टू सुमारे १९० होतो.

चढावर आर-टू व्यासाच्या वर्गाने वाढतो. म्हणजे १५० चे ३१० व्हायला क्लस्टर दुप्पट मोठा व्हावा लागत नाही. २७ नॅनोमीटरचा ३९ झाला की पुरे. एवढा फरक डीएलएसवर (प्रकाशाच्या विखुरण्यावरून व्यास मोजायच्या रीतीवर) ‘जवळपास सारखंच’ म्हणून सोडून दिला जातो. पहिल्या परिच्छेदातल्या तक्रारीत लोहाचा आकडा बरोबर निघाला, तर बहुतेक वेळा उत्तर इथे असतं.

इमल्शनमध्ये हा फरक येतो कुठून? एका थेंबातले सगळे कण मिळून एक क्लस्टर होतो असं धरलं, तर क्लस्टरचा व्यास थेंबाच्या व्यासाच्या प्रमाणात आणि तेलातल्या कणांच्या प्रमाणाच्या घनमुळाच्या प्रमाणात जातो. हेक्झेनमधले कण दुप्पट दाट झाले की व्यास १.२६ पट आणि चढावरचा आर-टू जवळजवळ १.६ पट. बाटलीचं झाकण सैल राहून हेक्झेन अर्धं उडालं तरी तेच होतं. उन्हाळ्यात एसी बंद पडलेल्या प्रयोगशाळेत हे वाटतं त्यापेक्षा लवकर घडतं. म्हणून साठ्यातल्या कणांचं प्रमाण प्रत्येक बॅचच्या दिवशी मोजा, लेबलवरचं धरू नका. थेंबाचा व्यास सोनिकेटरच्या टोकाची खोली, बर्फाचं पाणी आणि एकूण आकारमान यांवर ठरतो. १० मिलिलिटरची बॅच २० ची केली आणि वेळ तेवढाच ठेवला तर दर मिलिलिटरला मिळणारी ऊर्जा निम्मी होते आणि थेंब मोठे राहतात.

ओलेइक आम्लाचा थरही हिशेबात घ्या. दोन कणांच्या गाभ्यांमध्ये तो दीड-दोन नॅनोमीटरच्या दोन भिंती उभ्या करतो, म्हणून क्लस्टर कितीही घट्ट रचला तरी मॅग्नेटाइटचा भाग पाव ते तीस टक्क्यांच्याच आसपास राहतो. जास्तीचं, न धुतलेलं ओलेइक आम्ल क्लस्टरमध्येच अडकतं आणि हा भाग आणखी खाली आणतं. कण इथेनॉलने दोन-तीनदा अवक्षेपित करून धुतलेत की एकदाच, यानेही बॅच बदलते.

पठार साधारण ६० नॅनोमीटरपासून लागतं. तिथे आर-टू छताच्या जवळपास आणि व्यासावर फारसा अवलंबून नाही. पुढे दीड-दोनशे नॅनोमीटरनंतर उतार सुरू होतो, पण तो नेमका कुठे, हे इको-अंतरावर ठरतं. इतक्या मोठ्या क्लस्टरजवळचं पाणी दोन पल्समधल्या वेळात फारसं हलत नाही, आणि सीपीएमजीचा १८० अंशांचा पल्स त्याचा विस्कळीतपणा परत जुळवून देतो. मग टी-टू दर व्यासाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात पडतो आणि इको-अंतराच्या घनमुळाने वाढतो. ४०० नॅनोमीटरच्या क्लस्टरचा आर-टू १ मिलिसेकंदाच्या इको-अंतराने १८० च्या घरात निघाला, तर तेच सँपल १० मिलिसेकंदांच्या अंतराने ३९० च्या आसपास दिसेल. इथिलीन ग्लायकॉलमध्ये २०० अंशांना फेरिक क्लोराइड आणि सोडियम ॲसिटेटपासून केलेले मोठे गोळे अनेकदा याच उतारावर असतात. त्यांना आणखी मोठं करून आर-टू वाढवायचा प्रयत्न उलटा पडतो.

आपण कुठे आहोत हे दोन चाचण्यांत कळतं. एकच नळी आधी २५ आणि मग ३७ अंशांना मोजा. पाण्याचा विसरणांक २.३ वरून ३.० वर जातो (एकक एकअब्जांश चौरस मीटर प्रति सेकंद). चढावरचा आर-टू त्यामुळे जवळजवळ पाव भागाने घसरतो, पठारावरचा हलत नाही, आणि उतारावरचा चक्क वाढतो. मग २५ अंशांवर येऊन इको-अंतर ०.५, १, २, ४ मिलिसेकंद असं बदला. चढावर काहीच होणार नाही. उतारावर प्रत्येक दुपटीला टी-टू दर सुमारे सव्वा पट व्हायला हवा. एकूण दोन तासांचं काम आहे, आणि टीईएमच्या (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या) पन्नास चित्रांपेक्षा ते जास्त सांगून जातं.

टीईएमचं म्हणाल तर ग्रिडवर थेंब सुकताना सुटे कणही ढीग करून बसतात. त्या चित्रावरून ‘क्लस्टर झाले’ म्हणता येत नाही आणि त्यांचा व्यासही काढता येत नाही. क्रायो-टीईएम (गोठवलेल्या सँपलचं टीईएम) मिळत असेल तर वेगळी गोष्ट. डीएलएसमध्ये प्रकाशाची तीव्रता व्यासाच्या सहाव्या घाताने जाते, म्हणून हाताच्या बोटांवर मोजण्याइतके मोठे ढेकूळ सरासरी वर खेचतात. ०.२ मायक्रोमीटरच्या फिल्टरआधी आणि नंतर, दोन्ही वेळा मोजा, आणि फिल्टरवर लोह किती अडकलं हेही तपासा. फिल्टर तपकिरी झाला असेल तर फिल्टरनंतरच्या द्रावणाचं लोह नव्याने मोजावं लागेल. जुनाच आकडा वापरला तर आर-टू विनाकारण पडलेला दिसतो.

नळी चुंबकात असताना आकडा सरकतो

हे क्लस्टरचं खास दुखणं, सुट्या कणांना ते क्वचित होतं. भरलेल्या चुंबकनाचे दोन १० नॅनोमीटरचे कण टोकाला टोक लावून चिकटले तर त्यांची बांधणी उष्णतेच्या धक्क्यापेक्षा थोडीशीच बळकट, १.३ केटी (१ केटी म्हणजे त्या धक्क्याची ऊर्जा). तेच ६० नॅनोमीटरच्या दोन क्लस्टरसाठी २५ केटीच्या घरात जातं. म्हणजे चुंबकात गेल्या गेल्या ते क्षेत्राच्या दिशेने साखळ्या करू लागतात. साखळ्यांमुळे मधल्या पाण्यातले क्लस्टर कमी होतात, साखळी कॉइलच्या क्षेत्राबाहेर सरकते किंवा नळीच्या भिंतीला लागते, आणि टी-टू मिनिटामिनिटाला वाढत जातो.

‘खाली बसलं असेल’ असं म्हणून सोडून देऊ नका. ३० टक्के भरलेला २०० नॅनोमीटरचा क्लस्टर गुरुत्वाने तासाला जेमतेम ०.१ मिलिमीटर उतरतो. अर्ध्या तासात टी-टू १० टक्के सरकला तर ते बसणं नव्हे. एक मायक्रोमीटरची ढेकळं मात्र तासाला दोन-अडीच मिलिमीटर उतरतात. ती असतील तर नळीच्या बुडाशी डोळ्यांनाच दिसतील.

निदान असं करा. नळी बाहेरच्या ठोकळ्यात गरम करून उलटी-सुलटी हलवा, चुंबकात टाका आणि ३० सेकंदांत मोजा. मग न काढता २, ५, १०, २० आणि ३० मिनिटांनी. शेवटी बाहेर काढून १० वेळा हळू उलटवा आणि पुन्हा लगेच मोजा. टी-टू पहिल्या आकड्यावर परत आला तर साखळ्या सुटणाऱ्या आहेत. तेव्हा प्रत्येक नळी हलवून, ठरलेल्या एकाच क्षणाला मोजायचा नियम करा. परत आला नाही तर चुंबकाने क्लस्टर कायमचे चिकटवले आहेत आणि आवरण पुरेसं नाही. ६० नॅनोमीटरच्या क्लस्टरवर १० नॅनोमीटर जाडीचा पॉलिइथिलीन ग्लायकॉलचा थर बांधणी २५ वरून १० केटीवर आणतो, २० नॅनोमीटरचा थर ५ वर. पातळ थराने साखळ्या थांबत नाहीत, पण कण एकमेकांना थेट भिडत नसल्याने त्या सुटतात तरी.

स्कॅनरवर मोजायला वेळ लागतो आणि मधे हलवता येत नाही. तिथे सँपल १ टक्का ॲगरोजच्या जेलमध्ये जमवा. ॲगरोज उकळून ५० अंशांवर येऊ द्या, मग सँपल मिसळा, लगेच बर्फात ठेवा. कोरी नळीसुद्धा ॲगरोजचीच हवी, कारण त्याचा टी-टू पाण्यापेक्षा खूपच कमी असतो. कोऱ्या पाण्याने वजाबाकी केली तर रेषेचा उंबरठा (शून्य लोहावरचा आकडा) उचलला जातो.

बफर आणि फ्रिज

डायल्यूशन नुसत्या पाण्यात करणं ही सवय मोडायला हवी. एसडीएस या सर्फॅक्टंटने सांभाळलेले क्लस्टर शंभरपट पातळ केले की एसडीएस ८ मिलिमोलरच्या बरंच खाली जातं, पृष्ठभागावरचे रेणू सुटून पाण्यात जातात आणि क्लस्टर उघडे पडतात. ज्या द्रावणात साठा आहे त्याच द्रावणाने पातळ करा. एसडीएसचा साठा फ्रिजमध्येही नको. थंडीत एसडीएसचे पांढरे स्फटिक होतात आणि बाहेर काढून विरघळले तरी तोवर क्लस्टरचं नुकसान झालेलं असतं. कुठलाही क्लस्टर गोठवू तर नकाच.

सायट्रेटवर तरंगणाऱ्या क्लस्टरची गोष्ट उलटी. पाण्यात ते विजेच्या भाराने एकमेकांना लांब ठेवतात, पण फॉस्फेट बफर सलाइनमध्ये विजेचा हा पडदा एक नॅनोमीटरच्याही आत आकुंचतो. त्यात फॉस्फेट लोहाच्या पृष्ठभागाला सायट्रेटपेक्षा घट्ट धरतं आणि त्याची जागा घेतं. पहिल्या तासाला सगळं ठीक दिसतं आणि दुसऱ्या दिवशी आर-टू वर, डीएलएस दुप्पट. बफरमध्ये ०, १, ४ आणि २४ तासांचा आर-टू आणि आर-वन काढल्याशिवाय त्या बफरमधला आकडा वापरू नये.

महिनाभरात आर-टू हळूहळू उतरत असेल आणि काळं द्रावण तपकिरी होत असेल तर मॅग्नेटाइटचं मॅगहेमाइट होतंय. चुंबकन थोडं कमी होतं, पण चढावरचा आर-टू चुंबकनाच्या वर्गाने जातो, त्यामुळे १० टक्क्यांची घट आर-टूमध्ये जवळजवळ २० टक्के दिसते. नायट्रोजन भरून, अंधारात, हवेची जागा न ठेवता बाटली बंद करा. सुटलेलं लोह डायलिसिसने काढत चला, नाहीतर ते छेदात मोजलं जातं आणि टी-टूला मात्र काहीच मदत करत नाही.

तरीही फरक उरला तर

लोह दोनदा पचवून जुळलं, कॉपर सल्फेट स्थिर राहिलं, साखळ्या सुटणाऱ्या निघाल्या, बफर तोच आहे आणि तरी बॅच वेगळी, तर तो फरक खरा आहे. ३७ अंशांची चाचणी पाव भाग घसरण दाखवत असेल तर तुम्ही चढावर आहात आणि तिथे ५ टक्के आर-टू जुळवायचा म्हणजे व्यास अडीच टक्क्यांत सांभाळायचा. इमल्शनला ते जमत नाही. एक तर तेलातले कण आणि थेंब मिळून व्यास ८० ते १२० नॅनोमीटरवर न्या, जिथे बॅचची चूक आर-टूपर्यंत पोचत नाही, आणि वाढलेल्या साखळ्यांसाठी आवरण जाड करा. किंवा लहान क्लस्टरच हवे असतील, रक्तातून जास्त वेळ फिरवण्यासाठी वगैरे, तर सेंट्रिफ्यूजने किंवा चुंबकी स्तंभातून वेगळे काढून मधला भागच ठेवा आणि उत्पन्न निम्मं होणार हे मान्य करा.

वहीत आर-टूशेजारी क्षेत्र, तापमान, इको-अंतर, नळी चुंबकात गेल्यापासूनचे सेकंद, लोह मोजायची रीत आणि फिल्टरच्या आधी की नंतर, एवढं लिहा. दोनशे नॅनोमीटरच्या पुढच्या क्लस्टरसाठी इको-अंतर लिहिलेलं नसेल तर दुसऱ्या प्रयोगशाळेच्या आकड्याशी तो ताडूच नका.